रंगविद्येचे परदेशगमन: अभ्यासक्रम, तालीम आणि भाषा

मराठी नाट्यसमीक्षेत 'परकीय प्रभाव' हा शब्दप्रयोग झाला की चर्चा बहुधा संहितेपासून सुरू होते आणि संहितेपाशीच थांबते. आगरकरांचे 'विकारविलसित' (१८८३), देवलांचे 'झुंझारराव', 'नाट्यमन्वंतर'ने १९३३ मध्ये रंगभूमीवर आणलेले 'आंधळ्यांची शाळा' असे टप्पे मोजले जातात. मूळ नाटक कोणते, रूपांतरकाराने काय घेतले, काय गाळले, याची नोंद होते. ती आवश्यकच आहे. पण नाटकाबरोबर ते करण्याची रीतही परदेशातून येऊ शकते, किंबहुना नाटक न येता नुसती रीतच येऊ शकते, ही शक्यता या इतिहासलेखनाने फारशी गंभीरपणे घेतलेली नाही. नट कोणी घडवला, कोणत्या भाषेत घडवला, त्याच्या कंठाला आणि पायांना कोणते वळण लावले, हे प्रश्न चरित्रे व आत्मचरित्रे यांतील आठवणींवर सोडून दिले गेले.

या उपेक्षेमुळे विसाव्या शतकाच्या मध्यावरील एक महत्त्वाची घटना आपल्या वाङ्मयीन इतिहासाच्या चौकटीत नीट बसत नाही. नाट्य आणि चित्रपट या विद्यांचे रीतसर शिक्षण घेण्यासाठी काही भारतीय तरुण इंग्लंड-अमेरिकेत गेले. ते परतले तेव्हा त्यांच्याजवळची सर्वांत टिकाऊ वस्तू एखादे नाटक किंवा एखादा वाद नव्हती. ती अभ्यासक्रम ही होती. दिल्लीतील राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची स्थापना १९५९ मध्ये झाली. त्याचे पहिले संचालक सतू सेन हे अमेरिकेत शिकलेले व न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड बोलेस्लाव्हस्की यांच्या लॅबोरेटरी थिएटरमध्ये काम केलेले रंगतंत्रज्ञ होते. १९६२ मध्ये तेथे आलेले इब्राहिम अल्काझी लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टचे विद्यार्थी. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला साठीच्या दशकात आकार देणारे जगत मुरारी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात चित्रपट शिकून आलेले. स्वतंत्र भारताने रंगभूमी आणि चित्रपट यांचे शिक्षण राज्यसंस्थेच्या आश्रयाने सुरू केले तेव्हा त्याच्या मुळाशी या मोजक्या परदेशी विद्यार्थिदशा होत्या.

तथापि या विद्यार्थ्यांच्या आगमनापूर्वी येथे नाट्यशिक्षण नव्हते असे मानणे चुकीचे ठरेल. मराठी नाटक कंपन्यांमध्ये 'तालीम' होती आणि 'तालीममास्तर' होते. किर्लोस्कर मंडळीत गोविंद बल्लाळ देवल यांनी हे काम केले. तालमीची पद्धत अनुकरणाची होती. मास्तर ओळ म्हणून दाखवी, पद म्हणून दाखवी, कुठे थांबायचे, कुठे वळायचे हे स्वतः करून दाखवी. शिष्य ते उचली. तिला पाठ्यपुस्तक नव्हते, वर्ग नव्हता, परीक्षा तर प्रेक्षकच घेत. तिची मर्यादाही उघड आहे: मास्तराच्या आवाजाची छाया शिष्याच्या आवाजावर पडे आणि पुढे त्या छायेचीच परंपरा होऊन बसे. पण तिच्यात एक गोष्ट गृहीतच धरलेली होती. शिकवणारा, शिकणारा आणि ऐकणारा हे तिघेही एका भाषेत होते. देवल रूपांतरकारही होते आणि तालीममास्तरही. यांपैकी पहिले देवल वाङ्मयेतिहासात राहिले. दुसऱ्या देवलांचे काम, ज्या नटांच्या अंगात ते मुरले होते, त्यांच्याबरोबर गेले.

(जाता जाता: 'तालीम' हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. मराठीने त्याचा उपयोग नाटकाच्या सरावासाठी आणि पहिलवानांच्या आखाड्यासाठी केला. शिक्षण अंगात मुरावे लागते हे मराठीने शब्दाच्या वापरातूनच नोंदवून ठेवले आहे.)

बोलपट आल्यानंतर कंपन्या मोडू लागल्या आणि तालमीची ही साखळी तुटत गेली. नव्या नाटकाने नटाकडे वेगळी मागणी केली, पण ती पुरी करण्याचे साधन मुख्यतः पुस्तक हेच राहिले. 'नाट्यमन्वंतर'च्या संस्थापकांपैकी के. नारायण काळे यांनी स्तानिस्लाव्हस्कीचे विवेचन 'अभिनय साधना' या नावाने मराठीत आणले, ही या दृष्टीने अर्थपूर्ण गोष्ट आहे. मॉस्कोची तालीम मराठीत आली ती ग्रंथरूपाने. ग्रंथ वाचून विचार बदलतो. श्वास बदलायला कोणीतरी समोर उभे राहावे लागते.

अल्काझी यांचा जन्म १९२५ मध्ये पुण्यात झाला. वडील अरबस्तानातून आलेले व्यापारी, आई कुवेतची. घरात अरबी, शाळेत इंग्रजी. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात असताना ते सुलतान पदमसी यांच्या 'थिएटर ग्रुप'मध्ये आले. १९४६ मध्ये पदमसींचा अकाली मृत्यू झाला आणि पुढच्याच वर्षी, बाविशीच्या उंबरठ्यावर, अल्काझी लंडनला गेले. ओढ आरंभी चित्रकलेकडे होती. नंतर ते रॉयल अकादमीत दाखल झाले. १९४८ मध्ये निसिम इझिकेलही लंडनला पोचले आणि १९४९ मध्ये फ्रान्सिस न्यूटन सोझा. म्हणजे भारतीय इंग्रजी कविता, आधुनिक चित्रकला आणि आधुनिक रंगभूमी यांचे तीन भावी प्रवर्तक युद्धोत्तर लंडनच्या टंचाईच्या काळात एकाच शहरात उमेदवारी करीत होते. मुंबईच्या आधुनिकतेचा एक आरंभ मुंबईबाहेर लिहावा लागतो तो यामुळे.

या लंडनचे चित्र वैभवाचे नव्हते. अकादमीची स्थापना १९०४ मध्ये बीरबोम ट्री यांनी केली होती; तिचे मॅलेट स्ट्रीटवरचे नाट्यगृह १९४१ च्या बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाले आणि त्या जागी नवे व्हॅनब्रू थिएटर उघडायला १९५४ साल उजाडले. अल्काझी शिकले ते या दोन तारखांच्या मधल्या काळात. शिक्षणाचा कणा मात्र शाबूत होता: वाणी, उच्चार, देहचालना, अभिजात संहितांचा सराव. त्यांतील 'उच्चार' या विषयाकडे साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यायला हवे. शुद्ध मानली जाणारी इंग्रजी ही एका वर्गाची आणि एका प्रदेशाची बोली होती. आणि लँकेशायर-यॉर्कशायरकडची मुलेसुद्धा आपली बोली दाराबाहेर ठेवून तेथे आत येत, अशीच त्या शिक्षणाची अपेक्षा होती. तेव्हा परक्या भाषेचा जाच फक्त भारतीय विद्यार्थ्यालाच झाला असे समजण्याचे कारण नाही. गंमत अशी की, पन्नाशीच्या दशकात याच संस्थेतून सॅल्फर्डचा अल्बर्ट फिनी बाहेर पडला आणि पुढे त्या प्रमाण उच्चाराच्या मक्तेदारीला इंग्रजी रंगभूमीवर ओहोटी लागली ती त्याच्यासारख्या नटांमुळे. ज्या गोष्टीला आपल्याकडे 'पाश्चात्त्य अभिनयशिक्षण' असे एकसंध नाव दिले जाते, तिच्या पोटात अशी भांडणे चालू होती.

अल्काझींना ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनचे पारितोषिक मिळाले, लंडनमध्ये काम करण्याच्या संधीही आल्या. त्या नाकारून ते मुंबईला परतले. १९५४ मध्ये 'थिएटर युनिट' निघाले. वॉर्डन रोडवरच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी 'मेघदूत' हे छोटे रंगस्थान उभारले. तेथवर जायला जिने चढावे लागत आणि वर पोचल्यावर युरिपिडीस, स्ट्रिंडबर्ग किंवा आनुई यांची नाटके इंग्रजीत पाहायला मिळत. या रंगभूमीवर उच्चभ्रूपणाचा आरोप सहज करता येतो व तो खोटाही नाही. परंतु त्याच शिक्षकाकडे, आणि आदी मर्झबान यांच्याकडेही, विजया मेहता शिकल्या आणि १९६० मध्ये त्यांनी विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू प्रभृतींसह 'रंगायन' सुरू केले. 'एक शून्य बाजीराव'सारखे कीर्तन, बहुरूपी, सोंग यांच्या लयी पोटात घेऊन आलेले नाटक १९६६ मध्ये 'रंगायन'नेच उभे केले. खानोलकरांच्या त्या शब्दकळेला रंगमंचावर धरून ठेवणारी शिस्त कोठून आली, याचा शोध घेत गेले तर एक धागा कीर्तनाच्या रंगणाकडे जाईल आणि दुसरा त्या गच्चीवरून लंडनकडे. हा दुसरा धागा सांगताना मराठी समीक्षेला संकोच वाटतो. तो अनाठायी आहे.

(डॉ. लागूंचे उदाहरण या संदर्भात उलटे आहे. ते कॅनडा व इंग्लंडला गेले ते शल्यवैद्यकातील पुढील शिक्षणासाठी; नाटक ते इथेच शिकले आणि १९६९ मध्ये वैद्यकीय व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झाले. परदेशगमन आणि रंगविद्या यांचे नाते कार्यकारणाचे असलेच पाहिजे असे नाही.)

दिल्लीत अल्काझींनी पंधरा वर्षे, १९६२ ते १९७७, विद्यालय चालविले. 'आषाढ का एक दिन', १९६३ मध्ये फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत केलेले 'अंधायुग', पुढे पुराण्या किल्ल्यातील 'तुघलक' यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्याची पुनरुक्ती नको. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळी आहे. ज्याची घरची भाषा अरबी आणि रंगभूमीची भाषा इंग्रजी, असा शिक्षक हिंदीतून नट घडवू लागला. भारतभरातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना एकत्र बांधण्यासाठी हिंदी स्वीकारणे अपरिहार्य होते. पण त्याबरोबर लंडनच्या वर्गातील एक संबंध दिल्लीत पुन्हा निर्माण झाला: विद्यार्थ्याची बोली एक, शिक्षणाचा प्रमाण उच्चार दुसरा. उत्तरा बावकर, ज्योती सुभाष, रोहिणी ओक (पुढे हट्टंगडी) या मराठी विद्यार्थिनी तेथे शिकल्या त्या या परिस्थितीत. त्यांच्या अभिनयाची गुणवत्ता वादातीत आहे. बावकरांची उमेदीची वर्षे मात्र मुख्यतः हिंदी रंगभूमीवर गेली आणि मराठी प्रेक्षकाला त्या ठळकपणे भेटल्या त्या पुष्कळ उशिरा, 'दोघी' (१९९५) सारख्या चित्रपटांतून. संस्था नटाला काय देते याबरोबर त्याला कोठे नेते, हेही विचारायला हवे.

चित्रपटाच्या क्षेत्रात हाच बदल एका जमिनीच्या तुकड्यावर घडला. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले आणि हेपवर्थ यांच्या स्टुडिओत जमेल तेवढे पाहून आले. ते शिक्षण थोड्या दिवसांचे आणि तेही चाळिशी उलटलेल्या माणसाचे. त्यानंतर मराठी चित्रपटाची विद्या कारखान्यातून कारखान्यात गेली. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत जे हाताखाली शिकले, त्यांनी 'प्रभात' काढली. १९३३ मध्ये 'प्रभात' पुण्याला आली. ही चित्रपटातील तालीमच होती. १९६० मध्ये 'प्रभात'च्याच आवारात शासनाची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. पहिले प्राचार्य गजानन जागीरदार. 'प्रभात'च्या 'रामशास्त्री'तील (१९४४) रामशास्त्री. त्यांच्यानंतर सूत्रे जगत मुरारींकडे आली. त्यांनी अमेरिकेत विद्यापीठातून चित्रपटाची पदवी घेतली होती, ऑर्सन वेल्स यांच्या 'मॅकबेथ'च्या चित्रीकरणात उमेदवारी केली होती आणि परतल्यावर फिल्म्स डिव्हिजनसाठी 'महाबलीपुरम' हा पारितोषिकप्राप्त माहितीपट केला होता. जागीरदारांकडून मुरारींकडे झालेले हे हस्तांतर प्रशासकीय नोंदीत एका ओळीचे असेल. विद्येच्या इतिहासात ते एका पद्धतीकडून दुसऱ्या पद्धतीकडे झालेले स्थित्यंतर आहे. त्याच छपराखाली, त्याच स्टुडिओत, आता वेळापत्रक आले, विभाग आले, पदविका आली. पूर्वी जे हाताखाली राहून कळे ते आता फळ्यावर लिहून सांगता येऊ लागले, आणि जे फळ्यावर लिहिता येत नाही ते हळूहळू अभ्यासक्रमाबाहेर राहू लागले.

हबीब तन्वीर यांच्या विद्यार्थिदशेला या पार्श्वभूमीवर वेगळे महत्त्व येते. रायपूरला १९२३ मध्ये जन्मलेले तन्वीर नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे पदवीधर. १९४५ च्या सुमारास ते मुंबईत आले, नभोवाणी व चित्रपटांत वावरले आणि जननाट्य संघात रमले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख याच चळवळीच्या मराठी अंगात तमाशा आणि पोवाडा यांना नवे रूप देत होते, तो हा काळ. १९५४ मध्ये तन्वीरांनी दिल्लीत 'आग्रा बाझार' केले: नझीर अकबराबादींच्या कवितेभोवती उभा केलेला अख्खा बाजार, आणि त्या बाजारात ओखल्याची सामान्य माणसे. पुढच्या वर्षी ते रॉयल अकादमीत दाखल झाले तेव्हा त्यांचे वय बत्तीस होते. अल्काझी गेले तेव्हा त्यांच्या मागे एक नाट्यगट होता. तन्वीर गेले तेव्हा त्यांच्या मागे त्यांचे स्वतःचे एक नाटक होते. परदेशी शाळेत माणूस काय शिकतो हे तो काय घेऊन जातो यावर अवलंबून असते.

तन्वीर अकादमीत फार रमले नाहीत. त्यांनी नंतर अनेकदा सांगितलेल्या कारणाचा आशय असा: अभिनय भाषेला बांधलेला असतो, भाषा बदलली की उच्चार बदलतो, उच्चाराबरोबर अंगाची हालचाल बदलते आणि हालचालीबरोबर पात्रही. ज्या इंग्रजीत आपल्याला आयुष्यभर नाटक करायचे नाही तिच्यात कंठ घडवून काय उपयोग? १९५६ मध्ये ते ब्रिस्टल ओल्ड विक थिएटर स्कूलमध्ये गेले आणि तेथे दिग्दर्शनाकडे वळले. तेथील डंकन रॉस यांचे नाव ते पुढे कृतज्ञतेने घेत. मग युरोपची भ्रमंती सुरू झाली. बर्लिनला ते पोचले तेव्हा ब्रेख्त नुकतेच, ऑगस्ट १९५६ मध्ये, निवर्तले होते. तेथे आठएक महिने राहून त्यांनी ब्रेख्तच्या रंगमंडळाची नाटके पाहिली. हे शिक्षण कोणत्याही पदविकेत बसणारे नव्हते.

येथपर्यंतची कथा देशीवादाला सोयीची आहे. परकी शाळा नाकारली, घरी परतला, छत्तीसगढी नाचाच्या कलावंतांना घेतले आणि आपली रंगभूमी उभारली, असा सरळ आलेख काढता येतो आणि तो काढला गेलाही आहे. वस्तुस्थिती इतकी आज्ञाधारक नाही. १९५८ मध्ये 'मिट्टी की गाडी' करताना तन्वीरांनी रायपूरकडचे सहा नाचा कलावंत दिल्लीला आणले, १९५९ मध्ये 'नया थिएटर' निघाले, आणि नंतरची अनेक वर्षे हे कलावंत अवघडलेलेच राहिले. गावच्या रंगणात रात्र गाजवणारा नट दिल्लीच्या मंचावर आखडून जाई. आपल्या दोन चुका तन्वीरांनीच पुढे स्पष्टपणे सांगितल्या आहेत. एक, ते या नटांकडून हिंदी बोलवून घेत होते. दुसरी, मंचावरची त्यांची जागा आणि चाल ते आधी आखून देत होते: इतकी पावले उजवीकडे, येथे थांबा, येथे वळा. ही आखणी ते इंग्लंडमध्ये शिकले होते. ज्या कारणासाठी त्यांनी लंडनची अकादमी सोडली, तेच ते नकळत या नटांच्या बाबतीत करीत होते. स्वतःच्या कंठावर परकी भाषा लादली जाते हे कळायला एक वर्ष पुरले. दुसऱ्याच्या कंठावर आपण ती लादतो आहोत हे उमगायला जवळजवळ पंधरा.

१९७३ मध्ये रायपूरला झालेल्या नाचा कार्यशाळेत ही गाठ सुटली. नटांना छत्तीसगढीत बोलू दिले, चाल त्यांची त्यांना ठरवू दिली. तीन प्रचलित प्रहसने गुंफून 'गांव का नाम ससुराल, मोर नाम दामाद' उभे राहिले. त्यानंतर १९७५ मध्ये 'चरनदास चोर'. एवढ्यावरून ब्रिस्टल आणि बर्लिन तन्वीरांनी पुसून टाकले असा निष्कर्ष काढणे मात्र धाडसाचे होईल. 'चरनदास चोर'मधील प्रसंगांची काटछाट, दृश्यांमधून गाण्याचे भाष्य म्हणून येणे, मोकळ्या मंचावर एका चौथऱ्याने आणि एका फांदीने भागविणे यांत शिकलेल्या दिग्दर्शकाचा हात आहे. नाचाची रात्रभर चालणारी सैल बैठक दोन-अडीच तासांत बसवताना तिचा जीव जाऊ न देणे ही कारागिरी गावाने शिकवली नव्हती. तन्वीरांचे देशीपण परदेशी शिक्षणाच्या अलीकडचे नाही, पलीकडचे आहे. देशीवादी विवेचनात या दोन स्थितींत फरक केला जात नाही आणि म्हणून ज्याला तसे वळण घेऊन परतण्याची संधी मिळाली नाही अशा नाचा कलावंताचे, मदनलाल किंवा लालूराम यांचे, श्रेयही नीट मांडता येत नाही. कार्यशाळेत शिक्षक कोण होते? तन्वीरांइतकेच तेही. तालमीची जुनी रीत, करून दाखविण्याची, तेथे उलट्या दिशेने चालली होती: शिष्य करून दाखवीत होते आणि मास्तर पाहत होता.

ब्रेख्तच्या बाबतीत मराठीतला प्रवास याहून निराळा झाला. 'अजब न्याय वर्तुळाचा' विजया मेहता यांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने सत्तरीच्या दशकात केले. म्हणजे येथे विद्यार्थी बर्लिनला गेला नाही, शिक्षकच मुंबईला आला. त्याला मराठी येत नव्हते, आणि नटांची भाषा हा प्रश्न म्हणून पुढे आलाच नाही, कारण खानोलकरांची मराठी तेथे हजर होती. याच कारणाने त्या प्रयोगात तमाशाचे रंग सहज मिसळले. बाहेरून आलेल्या शिक्षकाने स्थानिक भाषेपुढे विद्यार्थी व्हायचे, ही व्यवस्था अपघाताने जमली. तिचा अभ्यासक्रम कोणी लिहिला नाही.

अल्काझींनी १९७७ मध्ये विद्यालय सोडले. १९८२ मध्ये 'चरनदास चोर' एडिंबरोच्या महोत्सवात गेले आणि तेथील फ्रिंज फर्स्ट पारितोषिक घेऊन परतले. इंग्लंडमधील शाळेच्या वर्गात उच्चार घोटून निघालेल्या विद्यार्थ्याचे नट ब्रिटनच्या मंचावर उभे राहिले तेव्हा ते छत्तीसगढीत बोलत होते.